कोकणातून ऑनलाइन इंग्रजी संभाषण वर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून मी हे वर्ग घेते. स्क्रीनवर एका वेळी सहा चौकोन असतात. त्यात होमस्टे चालवणारी काकू असते, आंब्याच्या पेट्या बाहेरगावी पाठवणारा बागायतदार असतो, बोटीवर जायच्या तयारीतला मुलगा असतो आणि नर्सिंग करून परदेशाची वाट बघणारी मुलगीही असते. फोनवर, बाजारात आणि लग्नाच्या पंगतीतही तेच ते प्रश्न मला विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, कारण फोनवर ती नेहमी अर्धीच सांगून होतात.

किती दिवसांत फाडफाड इंग्रजी येईल?

"तीस दिवसांत" असं भिंतीवर रंगवलेलं तुम्ही वाचलं असेल. रंगाचे पैसे वसूल होत असतील, बाकी काही नाही.

खरा हिशोब असा आहे. भाषा किती येते हे मोजायला जगभर सहा पायऱ्यांची पट्टी वापरतात : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. ए-१ सगळ्यात खालची, सी-२ सगळ्यात वरची. युरोप परिषदेने ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षा घेणाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे अगदी शून्यापासून ए-२ पर्यंत पोचायला शिक्षकासोबतचे १८० ते २०० तास लागतात. बी-१ पर्यंत एकूण ३५० ते ४०० आणि बी-२ पर्यंत ५०० ते ६००. आमचे वर्ग आठवड्याला तीन, प्रत्येकी पाऊण तासाचे. म्हणजे आठवड्याचे सव्वादोन तास. सणवार सोडून वर्षाचे ४८ आठवडे धरले तर १०८ तास होतात. फाडफाड कुठे बसतं ते तुम्हीच बघा.

पण आपण शून्यावर नसतो, हेही खरं. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. त्याआधीच्या माझ्यासारख्यांना ते पाचवीपासून होतं. म्हणजे दहावी झालेल्या कोणाच्याही डोक्यात पुष्कळ शब्द माळ्यावर टाकलेल्या भांड्यांसारखे पडून असतात. ते खाली काढून घासायचे असतात. त्यामुळे चुकतमाकत पण न अडखळता साधं बोलणं सहा-आठ महिन्यांत जमतं, असा माझा अनुभव आहे. अट एकच, वर्गाबाहेर रोज वीस मिनिटं तोंड चालायला हवं. ऐकून आणि वाचून डोळे-कान तयार होतात. जीभ मात्र बोलूनच वळते.

व्याकरण कच्चं आहे. ते आधी पक्कं करून मग येऊ का?

असं म्हणून गेलेली माणसं परत आलेली मी पाहिली नाहीत. व्याकरण वर्गातच होतं, पण शाळेतल्या क्रमाने नाही. ज्या चुकीने समोरच्याला कळतच नाही ती आधी, ज्या चुकीने फक्त मास्तरला त्रास होतो ती नंतर.

पहिली गाठ क्रियापदाची. मराठीत ते शेवटी येतं. "मी काल वहिनीबरोबर मालवणला मासे घ्यायला" इथपर्यंत वाक्य लांबवत नेलं तरी 'गेले' म्हणेपर्यंत ऐकणारा थांबतो. इंग्रजी ऐकणारा थांबत नाही. त्याला 'कोण' आणि 'काय केलं' हे तोंडावरच हवं असतं. म्हणून पहिला महिनाभर आमच्याकडे एकच खेळ चालतो. 'आय वेंट' एवढं बोलून टाकायचं, श्वास घ्यायचा आणि मग कुठे, कशाला, कधी, कोणाबरोबर ही शेपटं एकेक करून लावत जायची. श्वास घ्यायला मी मुद्दाम लावते. त्या सेकंदात पुढचं सुचतं.

दुसरी गाठ 'मला'ची, आणि ती जास्त चिवट आहे. मला दोन बहिणी आहेत, मला भूक लागली, मला आवडतं, मला माहीत आहे, मला घरी जायचंय. मराठीत सगळी वाक्यं 'मला'वर उभी राहतात. इंग्रजीत त्या प्रत्येकाचं घर वेगळं : आय हॅव, आय ॲम, आय लाइक, आय नो, आय वाँट. त्यात 'आहे' दिसला की आपण 'ॲम' चिकटवतो आणि 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स', 'आय ॲम नोइंग' अशी वाक्यं होतात. ही पाच घरं पाठ झाली की अर्धं संभाषण सुटतं. मी अतिशयोक्ती करत असेन, पण फार नाही.

प्रश्न विचारणं सोपं आहे, उगाच घाबरतात. "तुम्ही मासे खाता का?" यातला शेवटचा 'का' उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवा, त्याचा 'डू' होतो : डू यू ईट फिश? इथल्या 'डू'ला स्वतःचा अर्थ नाही. तो फक्त 'का'ची नोकरी करतो.

आणि एक गंमत. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे असतात, इंग्रजीत दोन्हींना 'वी'. आमच्या वर्गातल्या एका काकूंनी पाहुण्यांना सांगितलं, "वी ईट ॲट नाइन." त्यांना म्हणायचं होतं की आम्ही घरचे नऊला जेवतो, तुमचं आधी वाढते. पाहुणे बिचारे नऊपर्यंत उपाशी बसले.

'ए' आणि 'द' कुठे लावायचे, हे मराठीत नसलेलं प्रकरण आहे. ते चुकलं तरी निरोप पोचतो. त्याला सहा महिन्यांनंतर हात लावतो.

आमचे कोकणी हेल जातील का?

का घालवायचे? स्कॉटलंडच्या माणसाचे हेल लंडनच्या माणसासारखे नसतात, तरी दोघांचं चालतं. नाकातला सूर राहिला तरी काही बिघडत नाही. मात्र काही आवाज असे आहेत की ते नीट नसले तर शब्दच बदलतो. तेवढ्यांवर मी हट्टाने काम करून घेते.

व्ही आणि डब्ल्यू : आपला 'व' या दोघांच्या मधोमध उभा आहे, म्हणून इंग्रजाला तो कधी इकडचा वाटतो, कधी तिकडचा. 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून गुणगुण करायची. 'डब्ल्यू'साठी दात विसरायचे आणि चुलीत फुंकर घालताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा. 'वाइन' म्हणजे दारू, 'व्हाइन' म्हणजे वेल.

शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क : हे कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबते. इंग्रज 'पेन' म्हणतो तेव्हा ओठांतून हवेचा झोत सुटतो. आपण कोरडा 'प' म्हणतो आणि त्याला 'बेन' ऐकू येतं. उपाय घरातच आहे. फणस म्हणताना जुनी माणसं दोन्ही ओठ मिटून जो 'फ' काढतात, त्याच्या जवळचा हा आवाज. तोंडासमोर कागदाचा कपटा धरा. 'पेन' म्हटल्यावर तो हलला पाहिजे. 'एफ'चा आवाज वेगळा, त्यात दात ओठाला लागतात.

झेड : यात आपण नशीबवान. मराठीत दोन 'ज' आहेत. जाळं आणि जेवण एकामागून एक म्हणून बघा. जाळ्यातला 'ज' 'झेड'च्या अंगणात उभा आहे, जेवणातला 'जे'च्या. फक्त जाळ्यातला 'ज' डासासारखा लांबवायचा, की 'झू' नीट येतं.

ऱ्हस्व-दीर्घ : मराठीत ते लिहिताना मार्क कापतं, बोलताना कोणी विचारत नाही. इंग्रजीत बोलतानाच विचारतात. 'शिप' म्हणजे जहाज, 'शीप' म्हणजे मेंढी. बोटीवरच्या मुलांनी लक्ष द्यावं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आघात. आपण प्रत्येक अक्षराला सारखा वाटा देतो. इंग्रजी एका अक्षराला पोटभर वाढतं आणि बाकीच्यांना उपाशी ठेवतं. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फटॉग्रफर'मध्ये 'टॉ'वर, 'फोटोग्रॅफिक'मध्ये 'ग्रॅ'वर. 'होटेल'चा जोर 'टेल'वर असतो. 'कम्फर्टेबल' आणि 'व्हेजिटेबल'मध्ये टेबल नाहीच, शेवटी नुसतं 'टबल' उरतं. आघात चुकला की एरवी बरोबर असलेला शब्दही समोरच्याला ओळखू येत नाही. मग आपण तोच शब्द मोठ्याने ओरडतो आणि तो आणखीच गोंधळतो.

माका लाज वाटता. घरातली हसतत.

हा प्रश्न नेहमी मालवणीतच येतो आणि हळू आवाजात येतो.

आमच्याकडे एक काका होते. गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याकडे. देवळासमोर शेदीडशे माणसांपुढे, हातात कागद नसताना, एका दमात देवाला साकडं घालतात आणि प्रत्येक ओळीला गाव "व्हय महाराजा" म्हणतो. तेच काका पहिल्या वर्गात "माय नेम इज" म्हणून थांबले आणि कॅमेरा बंद केला. मी त्यांना इंग्रजीत गाऱ्हाणं घालायला सांगितलं. घरासाठी, गुरांसाठी, मुंबईच्या मुलासाठी काय मागायचं ते मागा. आम्ही पाचजण 'येस महाराजा' म्हणतो. व्याकरणाच्या चिंध्या झाल्या, पण ते थांबले नाहीत. आता नव्या बॅचचा तिसरा वर्ग गाऱ्हाण्याचाच असतो.

घरचे हसतात त्यावर माझ्याकडे नामी उपाय नाही. काहीजण गोठ्यात जाऊन बोलतात, एकजण गाडीत बसून काचा लावून बोलतो. पहिले दोन महिने कॅमेरा बंद ठेवायची मुभा आहे. आवाज बंद ठेवायची नाही.

होमस्टेसाठी किती इंग्रजी लागतं?

तुम्हाला वाटतं त्याहून कमी, पण ते नेमकं लागतं. पाहुणे आले की बोलणं ठरावीक वाटांनी जातं : वाट कशी सापडली, खोली, गरम पाणी, तिखट चालेल का, उद्या कुठे जायचं, पैसे. या वाटा आम्ही नाटकासारख्या बसवतो. एकजण पाहुणा, एकजण यजमान. पाहुण्याला कुरकुर करायची सक्त सूचना असते.

माशांचा एक पूर्ण आठवडा असतो. बांगडा म्हणजे मॅकरल, तारली म्हणजे सार्डिन, पापलेट म्हणजे पॉम्फ्रेट, सुरमई म्हणजे किंगफिश किंवा सीअरफिश, कुर्ल्या म्हणजे क्रॅब्स, कालवं म्हणजे ऑयस्टर्स, तिसऱ्या म्हणजे क्लॅम्स. आपली कोळंबी ब्रिटिशाला 'प्रॉन', अमेरिकनाला 'श्रिंप'. बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात आणि त्यात बदक नसतं, हे शाकाहारी पाहुण्यालाही ऐकायला आवडतं.

पण सोलकढीचं भाषांतर करू नका. सोलकढी, आंबोळी, घावणे, खतखतं ही नावं तशीच ठेवायची आणि लगेच एक साधं वाक्य जोडायचं. "सोलकढी. इट इज अ पिंक ड्रिंक, मेड फ्रॉम कोकम अँड कोकोनट मिल्क. वी हॅव इट विथ राइस." पुरे झालं. एकीने सोलकढीला 'कोल्ड सूप' म्हटलं तर पाहुण्याने चमचा मागितला.

बागायतदारांसाठी वेगळी यादी आहे. त्यातला सगळ्यात महागडा शब्द 'साका'. ग्राहकाचा मेल येतो, आंबा आतून पांढरा निघाला म्हणून, आणि आपण "इनसाइड व्हाइट प्रॉब्लेम" असं काहीतरी लिहितो. त्याला 'स्पाँजी टिश्यू' म्हणतात. तो शब्द तुम्ही वापरला की ग्राहकाला कळतं, या माणसाला आपला माल माहीत आहे. मग भावाचं बोलणंही शांतपणे होतं.

मुलगा मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतो. त्याला चालेल का?

चालेल, पण बोटीवरचं इंग्रजी निराळं आहे. वेगवेगळ्या देशांचे खलाशी एका ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभे असतात, तिथे सुंदर इंग्रजी धोक्याचं ठरतं. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरावीक वाक्यांचा एक संच मंजूर केला, त्याला एसएमसीपी म्हणतात. त्यातल्या युक्त्या घरच्या इंग्रजीलाही उपयोगी आहेत. ऐकू आलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं. दीडशे म्हणायचं तर 'वन-फाइव्ह-झीरो' असे आकडे सुटे करायचे. बोलण्याआधी 'क्वेश्चन', 'वॉर्निंग', 'इन्स्ट्रक्शन' असा शब्द लावून काय येतंय ते सांगायचं. 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' हे डळमळीत शब्द टाळायचे. नावातली अक्षरं सांगताना ए, बी, सी न म्हणता अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणायचं.

या मुलांसाठी वर्गात एक वाईट सवय लावते : मी मुद्दाम खराब आवाजात, मधेच तोडून बोलते. कारण व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, तसंच ऐकू येतं.

मासेमारी करणाऱ्यांसाठी १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात दुपारची बॅच असते. एरवी त्यांना वेळ सांगून उपयोग नाही, वेळ समुद्र ठरवतो.

आयईएलटीएसची तयारी होते का?

फक्त बोलण्याच्या भागाची. आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. तिच्यातली तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तीन भागांत होते. मधल्या भागात एक कार्ड मिळतं, एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला. गुण चार गोष्टींना : ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला लगेच कळतं. लेखन-वाचनासाठी दुसरीकडे जा. मला ते नीट शिकवता येत नाही.

पावसात लाइट जाते, रेंज जाते. मग?

जातेच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या भागात बरेच दिवस वीज नव्हती. तेव्हापासून वर्गाची दुसरी बाजू तयार ठेवली आहे. रेंज अर्धी असेल तर व्हिडिओ बंद, फक्त आवाज. व्हिडिओवर तासाला अर्धा ते एक जीबी डेटा सहज जातो, नुसत्या आवाजाला शंभर एमबीसुद्धा लागत नाही. तेही नसेल तर त्या दिवसाचा विषय मी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेजने टाकते, तुम्ही रेंज येईल तेव्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जाऊन उत्तर पाठवायचं. सगळ्यात चांगली उत्तरं मला सड्यावरूनच आली आहेत. तिथे ऐकायला कोणी नसतं.

मोबाईल पुरतो, लॅपटॉप लागत नाही. तारेचा साधा हेडफोन मात्र हवाच, नाहीतर कौलांवर पडणारा पाऊस आम्हा सगळ्यांना ऐकू येतो. राउटर असेल तर त्याला छोटा यूपीएस लावा. वर्ग चाळीस मिनिटांनी तुटला तर घाबरू नका : झूमच्या फुकट खात्याची तेवढीच मर्यादा आहे. कधीकधी मी त्यावर वर्ग घेते, त्याच लिंकवर पुन्हा या.

फॉरेनचा टीचर का घेत नाही?

इंग्रजी बोलणाऱ्यांत ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्यापेक्षा शिकून बोलणारे जास्त आहेत. तुमचा पाहुणा जर्मन असेल, कॅप्टन फिलिपिनो असेल. आणि 'मला'ची गाठ कुठे बसते हे फॉरेनच्या शिक्षकाला कळायला वर्ष लागेल. महिन्यातून एकदा मात्र मी बाहेरचा कोणीतरी पाहुणा बोलावते, कानाला वेगळा आवाज पडावा म्हणून.

इंग्रजी आपलं नव्हे असंही काहीजण म्हणतात. बाळशास्त्री जांभेकर आमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढलं, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, शेजारी शेजारी रकाने लावून.

मुलांशी घरी इंग्रजीतच बोलावं का?

तुम्हाला सहज येत असेल तर थोडं बोला. येत नसेल तर 'ईट फास्ट, कम फास्ट' एवढ्यावर घर चालवू नका. मुलाला गोष्टी, भांडणं, थट्टा सगळं भरपूर ऐकू आलं पाहिजे, मग ते मालवणीत का असेना. बारा वर्षांखालच्या मुलांचे वर्ग मी घेत नाही. तासभर स्क्रीनसमोर बसवण्यापेक्षा त्यांना खेळू द्या.

मोबाईलमध्ये एआय आहे, ॲप आहे. मग वर्ग कशाला?

ॲप जरूर वापरा. एकच वाक्य पन्नास वेळा म्हणायला त्याच्यासारखा सोबती नाही. ते कंटाळत नाही, हसत नाही. पण ते फार समजूतदार आहे. तुम्ही 'बेन' म्हटलंत तरी संदर्भावरून 'पेन' ओळखतं. पाहुणा कपाळाला आठी घालतो. ती आठी बघायची सवय माणसांतच होते.

फी, सुट्ट्या, सर्टिफिकेट?

महिन्याला ८०० रुपये, बारा वर्ग. बुडालेला वर्ग दुसऱ्या बॅचमध्ये भरून घेता येतो. गणपतीत सात दिवस आणि शिमग्यात पाच दिवस सुट्टी, त्याबद्दल विचारूही नका. आंब्याच्या हंगामात बागायतदारांची बॅच रात्री साडेनऊला. सर्टिफिकेट मी देत नाही. दिलं तरी कोणी विचारणार नाही, बोलायला लावतील.

सुरुवात कशी करायची?

एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज इंग्रजीत : आज घरात काय शिजलं आणि कोणी शिजवलं. लिहून वाचू नका, मला ऐकताना कळतं. शब्द अडला तर मराठी घाला आणि पुढे जा. त्यावरून तुमची बॅच ठरते. मधेच कोंबडा आरवला, आईने हाक मारली तरी रेकॉर्डिंग तसंच पाठवा.